रंगावरून डीएनएचा आकार कसा ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरलं की आमच्या तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या टेबलापाशी निळ्या नळ्या बघायला गर्दी होते. एका नळीत मेथिलीन ब्लूचं द्रावण, शेजारच्या नळीत तेच द्रावण आणि त्यात डीएनए. पोरं विचारतात, त्यांच्यासोबत आलेले मायबाप विचारतात, आशाताई विचारतात, आणि दरवर्षी प्रश्न जवळपास तेच असतात. म्हणून ते इथे लिहून ठेवले. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत.

डीएनएचा आकार बदलतो म्हणजे काय? पुस्तकात तर एकच चित्र असते.

पुस्तकातलं चित्र ‘बी’ रूपाचं. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये ते मांडलं, रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांचा त्याला मोठा आधार होता. दोन धागे उजव्या वळणाने एकमेकांभोवती फिरलेले, रुंदी सुमारे २ नॅनोमीटर, एका वेढ्यात साधारण साडेदहा जोड्या (दोन धाग्यांवर समोरासमोर येणारी ए-टी किंवा जी-सी ही अक्षरं), आणि एका जोडीपासून दुसरीपर्यंतचं अंतर ०.३४ नॅनोमीटर. पेशीतला बहुतेक डीएनए असाच असतो.

पण भोवतालचं पाणी कमी केलं की हाच रेणू आखूड आणि जाडसर होतो, वेढ्यात ११ जोड्या बसतात. त्याला ‘ए’ रूप म्हणतात. जी आणि सी ही अक्षरं आळीपाळीने आलेली असली आणि द्रावणात मीठ भरपूर असलं, तर तो चक्क डावीकडे वळतो. ते ‘झेड’ रूप, वेढ्यात १२ जोड्या. जी अक्षरांची रेलचेल असलेला धागा चार पदरी होतो, त्याला जी-क्वाड्रुप्लेक्स म्हणतात. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं हजारो वेळा येतात, तिथला धागा असा वळू शकतो. शिवाय एखादं औषध चिकटलं की वाकणं, एकाच धाग्याने स्वतःवर दुमडणं, तापवल्यावर दोन्ही धागे सुटणं, हे सगळे आकाराचेच बदल.

रंगाचा आणि आकाराचा काय संबंध?

हळदीच्या डागावर साबण लागला की डाग लाल होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. हळदीतला कर्क्युमिन तोच राहतो, पण भोवताल आम्लारीधर्मी झाल्यामुळे त्याचा प्रोटॉन निघून जातो आणि तो वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश शोषायला लागतो. शोधक रेणू, म्हणजे डीएनएला चिकटून खूण देणारा रंग, हाही असाच भोवतालाला दाद देतो. पाण्यात मोकळा फिरताना तो एका तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, आणि डीएनएच्या दोन जोड्यांमध्ये किंवा वेढ्यांमधल्या खाचेत जाऊन बसला की त्याच्या इलेक्ट्रॉनांभोवतीचं वातावरण बदलतं. मग शोषणाचं शिखर खाली येतं, बाजूला सरकतं, कधी रेणू चमकू लागतो, कधी चमक विझते.

म्हणजे शोधक रेणूला डीएनएचा आकार ‘दिसत’ नाही. आपण कुठे आणि कसे बसलो आहोत, एवढंच तो सांगतो. आकाराचा अर्थ आपण लावतो, आणि पुढचे निम्मे प्रश्न या अर्थ लावण्याबद्दलचेच आहेत.

डीएनए स्वतः प्रकाश शोषतो, असं बारावीला शिकवलं होतं. मग वेगळा रेणू कशाला?

बरोबर शिकवलं. डीएनए २६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाला शोषतो. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या पारदर्शक चौकोनी नळीत) २६० ला ॲब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाश किती शोषला त्याचा आकडा, १ आला, तर दुहेरी डीएनए मिलिलिटरला साधारण ५० मायक्रोग्रॅम आहे असं धरतात. तापवून दोन्ही धागे सुटले की हाच आकडा ३५ ते ४० टक्क्यांनी वाढतो, कारण एकावर एक रचून बसलेल्या बेसेस (हीच ती अक्षरं) मोकळ्या होतात. ज्याला फक्त डीएनए कोणत्या तापमानाला सुटतो तेवढंच मोजायचं आहे, त्याने उगाच रंग घालू नये. २६० पुरेसं आहे.

अडचण अशी की २६० च्या आसपास फार गर्दी आहे. आरएनए तिथेच, प्रथिनं २८० ला, फिनॉल २७० च्या आसपास. पेशीच्या गाळात डीएनएचा आवाज वेगळा काढता येत नाही. साधी काच आणि बहुतेक प्लास्टिक तर हा अतिनील प्रकाश स्वतःच गिळतात, त्यामुळे महागडी क्वार्ट्झची क्युव्हेट लागते, आणि ती फुटली की वर्षभराचं बजेट गेलं. ४०० नॅनोमीटरच्या पुढे मात्र डीएनएही गप्प असतो आणि प्रथिनंही. तिथे बोलणारा शोधक जोडला की ऐकू येतं ते त्याचंच. साधी काचेची क्युव्हेटही चालते.

हे रेणू डीएनएला चिकटतात कुठे?

तीन जागा. चपटा, सपाट रेणू असेल तर दोन जोड्यांच्या मध्ये घुसतो. ही कल्पना लिओनार्ड लरमन यांनी १९६१ मध्ये ॲक्रिडीन रंगांवरून मांडली. लांबट, किंचित वाकलेला रेणू असेल तर खाचेत बसतो. होएक्स्ट आणि डॅपी हे रंग अरुंद खाचेत, तेही एटी जोड्या जिथे जास्त तिथे, बसतात. तिसरी जागा बाहेरची: डीएनएचा कणा ऋणभारित फॉस्फेटांचा असल्यामुळे कोणताही धनभारित रंग त्याला वरवर चिकटतो.

यातली गोम अशी की आत घुसणारा रेणू आकार मोजता मोजता आकारच बदलून टाकतो. एथिडियम ब्रोमाइड या रंगाचा एक रेणू घुसला की ती जागा रुंद होते, डीएनए तेवढा लांबतो आणि त्या ठिकाणी सुमारे २६ अंशांनी पीळ सुटतो. म्हणून शोधकासह आणि शोधकाशिवाय वितळण्याचं तापमान, म्हणजे दोन्ही धागे सुटतात ते तापमान, मोजून बघतात. दोन्हींत मोठा फरक पडला, तर तो शोधक त्या कामाचा नाही.

पॉर्फिरिनचं नाव या विषयात सारखं येतं. ते काय असते?

पऱ्हाटीच्या पानातलं हरितद्रव्य आणि आपल्या रक्तातलं हीम यांच्या भाऊबंदांपैकीच. हीममध्ये पॉर्फिरिनच्या वलयाच्या मधोमध लोह असतं. हरितद्रव्याचं वलय किंचित वेगळं, आणि मध्ये मॅग्नेशियम. प्रयोगशाळेत या वलयाला धनभारित शेपट्या जोडून ते पाण्यात विरघळणारं करतात आणि मध्ये जस्त, निकेल, तांबं असं हवं ते बसवतात, किंवा काहीच बसवत नाहीत.

शोधक म्हणून त्याचा पहिला गुण जोर. ४२० नॅनोमीटरच्या आसपास त्याचा जो पट्टा असतो, सोरे पट्टा म्हणतात त्याला, तो इतका तीव्र असतो की लिटरला एक मायक्रोमोल इतक्या विरळ द्रावणातही तो नीट मोजता येतो. दुसरा गुण, तो बसण्याची जागा सांगतो. चार धनभारित पिरिडिन गट असलेलं पॉर्फिरिन जीसी जोड्यांमध्ये घुसलं की सोरे पट्टा २० नॅनोमीटरच्या आसपास लांब तरंगलांबीकडे सरकतो आणि बराच खाली बसतो. एटीच्या खाचेत बसलं तर सरकणं कमी. १९८३ मध्ये पास्टरनॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं. वर्तुळाकार द्विवर्णता मोजली, तर आत घुसलेल्याची खूण ऋण येते आणि खाचेतल्याची धन.

वर्तुळाकार द्विवर्णता हे काय प्रकरण आहे? सोप्या भाषेत सांगा.

प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राची दिशा पुढे सरकताना स्क्रूसारखी फिरवता येते, उजवीकडे किंवा डावीकडे. वळणदार रेणू या दोन्ही प्रकाशांना सारखंच शोषत नाही. या दोन शोषणांतला फरक म्हणजे वर्तुळाकार द्विवर्णता, प्रयोगशाळेत सगळे ‘सीडी’ म्हणतात. फरक फार बारीक असतो, म्हणून यंत्र महाग, आणि ते मोठ्या संस्थांतच सापडतं. तालुक्याच्या कॉलेजात ते नसतं, ही वस्तुस्थिती आहे.

बी रूपाची सीडी २७५ नॅनोमीटरच्या जवळ वर जाते आणि २४५ च्या जवळ खाली. झेड रूपात चित्र जवळपास उलटं होतं, २९० च्या पुढे खड्डा आणि २६० ला उंचवटा. एकाच दिशेने जाणाऱ्या पदरांचा जी-क्वाड्रुप्लेक्स २६४ ला वर जातो, विरुद्ध दिशेच्या पदरांचा २९५ ला.

पॉर्फिरिन इथे आणखी एक कामगिरी करतं. डीएनएच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक पॉर्फिरिन पक्कं जोडलं, तर ते दोघं दूर असूनही प्रकाश शोषताना एकमेकांवर परिणाम करतात. याला एक्सायटॉन जोडणी म्हणतात. एक पॉर्फिरिन दुसऱ्याच्या मानाने कोणत्या बाजूला आणि किती फिरलेलं आहे, त्यावर सीडीची रेघ आधी वर मग खाली जाते, किंवा आधी खाली मग वर. पॉर्फिरिनांची ही जोडणी ५ नॅनोमीटरपर्यंतच्या अंतरावरूनही दिसते, म्हणजे डीएनएच्या एका वेढ्याहून जास्त. आणि सगळा खेळ ४२० नॅनोमीटरला, २६० च्या गर्दीपासून लांब.

डावा वळलेला डीएनए आधी कुणी ओळखला?

१९७२ मध्ये पोल आणि जोविन यांनी जीसी आळीपाळीने असलेल्या कृत्रिम डीएनएत मीठ वाढवत नेलं, तेव्हा सीडीची रेघ उलटी झाली. प्रकाशाने तेव्हाच चुगली केली होती. पण उलटी रेघ म्हणजे डावं वळण, असं छातीठोकपणे म्हणायला ती पुरेशी नव्हती. १९७९ मध्ये एमआयटीत अलेक्झांडर रिच, अँड्र्यू वांग आणि सहकाऱ्यांनी सीजीसीजीसीजी या तुकड्याचा स्फटिक क्ष-किरणांनी तपासला, तेव्हा डावा वेढा दिसला. मला या विषयातला हा सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग वाटतो. सात वर्षं खूण हातात होती, पण दुसऱ्या मार्गाने पडताळा होईपर्यंत तिचा अर्थ पक्का नव्हता.

पुढे २००५ मध्ये कातानिया आणि कोलंबिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक धनभारित जस्त-पॉर्फिरिन दाखवलं. झेड रूपाला चिकटल्यावर ते सोरे पट्ट्यात वेगळी ओळखीची खूण देतं. दरम्यान झेड रूप ही निव्वळ प्रयोगशाळेतली गंमत नाही, हेही कळलं. एडार-१ नावाच्या आपल्या पेशीतल्या प्रथिनाचा एक भाग नेमका झेड रूपालाच धरतो.

आम्ही खारपाणपट्ट्यातले. मिठानं डीएनए डावा वळतो म्हणता, मग आमचं काय?

अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या मुलांचा हा ठरलेला प्रश्न, आणि चांगला आहे. आकडे बघा. त्या कृत्रिम डीएनएला डावं वळवायला सुमारे ४ मोलर मीठ लागतं, म्हणजे लिटरला २३४ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी कितीही खारट लागलं तरी समुद्राच्या जवळपासही जात नाही. शिवाय पेशी आतल्या क्षारांचं प्रमाण स्वतः राखते. खाऱ्या पाण्याचा त्रास मूत्रपिंडाला होतो, पिकाला होतो, जमिनीला होतो. डीएनएच्या वळणाला होत नाही.

पेशीत झेड रूप येतं ते दुसऱ्या कारणांनी. सायटोसिनवर, म्हणजे सी अक्षरावर, मिथाइल गट असला तर बऱ्याच कमी मिठातही काम होतं, स्पर्मिनसारखे धनभारित रेणू मदत करतात, आणि जनुक वाचलं जात असताना मागच्या बाजूला जो उलटा पीळ साठतो, त्यानेही तो भाग डावा वळतो.

प्रयोगात मात्र बोअरचं पाणी वापरायचं नाही. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फॉस्फेटांना चिकटतात आणि रंगाची जागा अडवतात. डिस्टिल्ड वॉटर नसेल तर वर्गात दाखवण्यापुरतं इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी चालतं.

हा प्रयोग आम्हाला आमच्या कॉलेजात करता येईल का?

येईल. मेथिलीन ब्लू स्वस्त आहे, जीवशास्त्र विभागाच्या कपाटात बहुधा असतंच, आणि कलरीमीटरला (रंगाचं शोषण मोजणाऱ्या साध्या यंत्राला) ६६० चा फिल्टर असतो. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर उत्तम.

आधी १०० मिलिलिटर पाण्यात ३२ मिलिग्रॅम मेथिलीन ब्लू विरघळवा, ते साधारण १ मिलिमोलर होतं. त्याचं शंभर पट विरळ द्रावण करा, पण पाण्याऐवजी ५ ते १० मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये (पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणात), पीएच ७.४. आता ६६४ नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स ०.८ च्या आसपास यायला हवा. डीएनए विकत मिळतो तो हेरिंग किंवा साल्मन माशाचा, पांढऱ्या तंतूंसारखा. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या हिशेबाने बफरमध्ये टाका आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घाई करून जोरात हलवू नका, लांब धागे तुटतात.

क्युव्हेटमध्ये ३ मिलिलिटर निळं द्रावण घ्या. त्यात मायक्रोपिपेटने २० मायक्रोलिटर डीएनए घालायचं, हलक्या हाताने उलटंपालटं करायचं, दोन मिनिटं थांबायचं, रीडिंग घ्यायचं. परत २० मायक्रोलिटर. शिखर खाली येताना दिसेल. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर पूर्ण स्पेक्ट्रम, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला किती शोषण त्याची रेघ, काढला तर आणखी मजा आहे. सुरुवातीला डीएनए कमी आणि रंग जास्त असतो, तेव्हा निळे रेणू डीएनएच्या अंगावर एकमेकांना चिकटून रांगेत बसतात आणि ६१० नॅनोमीटरच्या बाजूचा खांदा वर येतो. डीएनए वाढला की प्रत्येकाला स्वतंत्र जागा मिळते, ते आत घुसतात, आणि शिखर किंचित लांब तरंगलांबीकडे सरकतं. एकाच क्युव्हेटमध्ये बसण्याच्या दोन तऱ्हा पाठोपाठ दिसतात.

मग शेवटच्या क्युव्हेटमध्ये ९० मिलिग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड टाका. ३ मिलिलिटरला ते साधारण अर्धा मोलर होतं. घरचं मीठ नको, त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात. ॲब्सॉर्बन्स बराचसा परत वर येतो. सोडियमने निळ्या रेणूंना हुसकावून लावलं! रंग धनभाराच्या ओढीनेही तिथे टिकून होता, हे त्यावरून कळतं.

आमचा ॲब्सॉर्बन्स कमी झाला. म्हणजे डीएनएचा आकार बदलला ना?

एवढ्यावरून नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मी उलट विचारते, की फक्त बफर घातलेल्या नळीचं काय झालं? ३ मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोलिटर काहीही घातलं, तरी नुसत्या पातळ होण्यानेच आकडा ३ टक्क्यांनी उतरतो. मेथिलीन ब्लू काचेला आणि प्लास्टिकला चिकटतं, तेवढा रंग द्रावणातून कमी होतो. क्युव्हेटच्या भिंतीवर निळी झाक दिसली तर समजून जा. रंगाचे रेणू आपापसात जोडी करतात, तेव्हाही शिखर उतरतं. यातल्या एकाही कारणात डीएनएचा आकार बदललेला नसतो.

म्हणून शेजारी एक नळी अशी ठेवायची जिच्यात सगळं तसंच, फक्त डीएनएच्या जागी तेवढंच बफर. तिच्याशी तुलना केल्याशिवाय वहीत निष्कर्ष लिहायचा नाही. वेगवेगळ्या रीडिंगांचे स्पेक्ट्रम एकावर एक काढल्यावर सगळ्या रेघा एकाच बिंदूतून जात असतील, तर द्रावणात रंगाच्या दोनच अवस्था आहेत, मोकळी आणि बांधलेली, असं म्हणायला आधार मिळतो. रेघा त्या बिंदूतून जात नसतील तर तिसरं काहीतरी चाललंय. आणि इतकं सगळं करूनही कळतं ते रंग डीएनएला बांधला गेला एवढंच. आकाराबद्दल बोलायचं तर दुसरा पुरावा हवा: सीडी, वितळण्याचं तापमान, किंवा ज्याचा आकार आधीच माहीत आहे असा डीएनए शेजारी ठेवून केलेली तुलना. बक्षीस मिळालेल्या प्रकल्पांच्या फलकांवरही मला ही कोरी नळी क्वचितच दिसते.

मे महिन्यात रीडिंग वेगळंच येते. यंत्र बिघडलं का?

बहुधा यंत्र ठीक असतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि लाईन गेली की प्रयोगशाळेची भट्टी होते. लहान तुकड्यांसाठी एक ढोबळ हिशेब आहे: प्रत्येक ए किंवा टी मागे २ अंश, प्रत्येक जी किंवा सी मागे ४ अंश. आठ अक्षरांच्या तुकड्यात अर्धी जीसी असतील तर तो २४ अंशांच्या आसपास सुटतो. ४२ अंशांच्या खोलीत असा तुकडा दुहेरी राहणारच नाही, आणि तुम्ही मात्र दुहेरी समजून रंग घालत बसाल. माशाच्या लांब डीएनएला हा त्रास नाही, तो बऱ्याच जास्त तापमानाला सुटतो.

दुसरा चोर बफर. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०३ ने उतरतो. २५ अंशांना ७.४ केलेलं बफर ४२ अंशांना ६.९ च्या जवळ येतं. तिसरा कूलर. फ्रिजमधून काढलेली क्युव्हेट कूलरच्या दमट हवेत आली की बाहेरून दव धरतं आणि आकडा उगाच वर जातो. पुसा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. दिवा तापायला वीस-तीस मिनिटं लागतात. लाईन जाऊन आली की ब्लँकपासून, म्हणजे यंत्र शून्यावर आणण्यापासून, सगळं परत. शक्य असेल तर सकाळी सातला सुरू करा.

सिकलसेलची तपासणी अशीच असते का? त्यातही आकारच बदलतो ना?

आशाताई आणि आरोग्य सेविका हा प्रश्न हमखास विचारतात. सिकलसेलमध्ये विळ्यासारखी होते ती लाल रक्तपेशी. डीएनएचं वळण जसंच्या तसं असतं. बीटा-ग्लोबिनच्या जनुकात जीएजी च्या जागी जीटीजी आलेलं असतं, एका अक्षराचा फरक. त्यामुळे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि पेशी वाकडी होते.

गावात होते ती विद्राव्यता चाचणी. त्यात द्रावण गढूळ झालं की नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसत नाहीत. ती हिमोग्लोबिनची चाचणी आहे, डीएनएची नाही, आणि वाहक कोण व रुग्ण कोण हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करावीच लागते. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं उद्दिष्ट आहे. लग्नाआधी दोन्हीकडची कार्डं बघा. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते.

मग रुग्णालयात या तत्त्वाचं एखादं यंत्र आहे की नाही?

आहे, आणि तुम्ही त्याचं नाव ऐकलेलं आहे: सीबीनॅट. क्षयरोगासाठी थुंकी तपासतं ते. त्यात शोधक स्वतःच डीएनएचा तुकडा असतो, हेअरपिनसारखा दुमडलेला. एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा रेणू. दुमडलेला असतो तोवर दोघं शेजारी, म्हणून अंधार. जंतूच्या डीएनएशी अक्षरं जुळली की तुकडा सरळ होतो, दोघं लांब जातात आणि रंग चमकतो. संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये ही युक्ती काढली.

यंत्रात असे पाच शोधक क्षयजंतूच्या आरपीओबी जनुकातल्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यावर नजर ठेवतात. रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंत बिघाड बहुतेक वेळा याच पट्ट्यात असतो. पाचांपैकी एखादा चमकलाच नाही किंवा उशिरा चमकला, तर अक्षर बदललंय, म्हणजे औषध चालणार नाही अशी शंका. हे सगळं दोन तासांच्या आत. काही ठिकाणी गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट असतं, त्यातल्या शोधकाची रीत थोडी वेगळी आहे.

मॅडम, याच्यानं बोगस बियाणं ओळखू येते का?

नाही येत. खऱ्या आणि खोट्या बियाण्याचा डीएनए आकाराने सारखाच. बीटी आहे की नाही हे बघायला त्यातलं प्रथिन ओळखणारी पट्टी असते, किंवा पीसीआर करतात. सोयाबीनसाठी सगळ्यात भरवशाची चाचणी अजूनही घरचीच आहे: १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळा, ७० च्या वर उगवले तर पेरा.

कॅन्सरच्या औषधाने डीएनए वाकतो म्हणतात, खरं आहे?

सिस्प्लाटिनबद्दल खरं आहे. जंतूंची वाढ थांबवणारा हा प्लॅटिनमचा रेणू १९६५ मध्ये बार्नेट रोझनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत ध्यानात आला. शेजारशेजारच्या दोन जी अक्षरांना तो एकत्र बांधतो, आणि डीएनए त्या जागी ३० ते ६० अंशांनी वाकतो. पेशीला ही जागा दुरुस्त करता आली नाही तर ती मरते. हे वाकणं बघायला तुकड्याच्या दोन टोकांना दोन वेगळे रंग लावतात. एक रंग शोषलेली ऊर्जा दुसऱ्याला देतो, आणि किती देतो हे अंतराच्या सहाव्या घातावर ठरतं. म्हणून १ ते १० नॅनोमीटरमधलं अंतर यातून मोजता येतं. स्ट्रायर आणि हॉगलँड यांनी १९६७ मध्ये हे दाखवून दिलं. टोकं जवळ आली की दुसरा रंग जास्त चमकतो.

तोंडाच्या कॅन्सरवर हेच औषध रेडिएशनसोबत देतात. आपल्याकडे ते का लागतं, हे प्रत्येक पानटपरीवर प्लास्टिकच्या पन्नीत घोटला जाणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा बघितला की कळतं. खर्रा सोडा, हे सांगायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागत नाही.

घरी डीएनए काढायचा तर मोहाची दारू चालेल का?

दरवर्षी कुणीतरी विचारतंच आणि सगळे हसतात. गडचिरोली आणि वर्ध्यात दारूबंदी आहे ते सोडा, रसायनशास्त्राच्या हिशेबानेही ती चालत नाही. डीएनए खाली बसायला मिश्रणात ६५-७० टक्के अल्कोहोल लागतं, म्हणजे एक भाग रस आणि दोन भाग जवळजवळ शुद्ध अल्कोहोल. मोहाची तेवढी तेज नसते. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फ्रिजमध्ये थंड करून वापरा. केळं कुस्करा, भांड्याच्या साबणाचे थेंब आणि मीठ घाला, गाळा, वरून थंड अल्कोहोल हळूच ओता. मधल्या थरात पांढरे तंतू येतील. तो सगळाच डीएनए नसतो, त्यात आरएनए, पेक्टिन आणि प्रथिनं असतात. निळ्या प्रयोगासाठी हा डीएनए नको. २६० आणि २८० च्या रीडिंगांचं गुणोत्तर १.८ च्या जवळ आलं तर प्रथिनं कमी आहेत असं म्हणता येतं, पण पेक्टिनबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

रंग न घालता प्रकाशाने आकार कळत नाही का?

कळतो. रामन स्पेक्ट्रोस्कोपीत रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशातून त्याची कंपनं ओळखतात. तिथे गुआनिनच्या, म्हणजे जी अक्षराच्या, कंपनाची एक रेघ बी रूपात ६८२ वेव्हनंबरच्या आसपास असते, झेड रूपात ती ६२५ च्या जवळ जाते. रामन हे १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत नागपुरात होते. आमच्या पोरांना हे ऐकून बरं वाटतं, आणि मलाही.

हे रंग धोकादायक आहेत का?

एथिडियम ब्रोमाइड हा संशयित. तो डीएनएत घुसतो हाच त्याचा उपयोग आणि तीच त्याची भीती. पदवीच्या वर्गात तो आणूच नये असं माझं मत आहे. आणलाच तर नायट्राइलचे हातमोजे घाला आणि मोरीत ओतू नका. ब्लीचनेही तो निर्धोक होत नाही. सक्रिय कोळशात शोषून घेऊन तो कोळसा घातक कचऱ्यात द्यायचा.

मेथिलीन ब्लू त्या मानाने सौम्य, पण पिण्याची गोष्ट नाही. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या माणसाच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात, आणि आपल्या भागात असे लोक आहेत. उजेडात ठेवलेलं मेथिलीन ब्लू ऑक्सिजनला क्रियाशील करतं आणि शेजारच्या डीएनएला इजा करतं, म्हणून नळ्या फॉइल गुंडाळून ठेवा.

हाताला आणि क्युव्हेटला लागलेला निळा डाग आधी स्पिरिटने पुसा, मग साबणाने धुवा. ॲप्रनचा डाग निघत नाही.